पाऊण तास चालवून बघितलेला लॅपटॉप

तर इरावतीने पर्समधून ती बोटभर हार्डडिस्क काढली, परेशभियाच्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "काका, लॅपटॉप घेण्याआधी पाऊण तास चालवून बघते." काल गोष्ट इथे थांबली होती. परेशभियाचा चेहरा असा झाला, जसा भर पंगतीत कोणी उठून भाजी खारट झाल्याचं सांगितल्यावर यजमानाचा व्हावा. आणि इरावतीचे वडील, वासुदेवराव, दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे बघायला लागले, जणू ही मुलगी कोणाची ते त्यांना ठाऊकच नाही.

आता एवढ्याशा बोलण्यात राग येण्यासारखं काय होतं, ते कळायला जरा मागे गेलं पाहिजे.

इरावती जगदाळे सत्तावीस वर्षांची. घर इंदूरला, बडा गणपतीमागच्या गल्लीत. पूर्वज होळकरांच्या फौजेतले, म्हणून खंडेनवमीला एक तलवार अजून कपाटावरून खाली उतरते. पण तलवारीशेजारी पाटावर आजोबांचा, म्हणजे मालोजीअण्णांचा, वीज तपासायचा टेस्टर असतो आणि गेली पाच वर्षं इरावतीचा जुना लॅपटॉपही. त्यालाही हळदकुंकू लागतं. एकदा कुंकू फटीतून आत गेलं आणि आठवडाभर एक बटण दाबलं की चार अक्षरं उमटायची.

मुलगी बी.कॉम. झाली आणि एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायला बसली. मिटलेले डोळे उघडायचे, पुढे आलेलं पोट आत घ्यायचं, न आलेल्या मामाला ग्रुप फोटोत उभं करायचं. एकदा नवरदेवाच्या फुफाजींचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचे, डोळे मिटलेले होते. इरावतीने दुसऱ्या फोटोतून उघडे डोळे आणून बसवले, ते चुकून त्यांच्या साडूचे निघाले. फुफाजी आजही म्हणतात, इतका चांगला फोटो आयुष्यात आला नाही. भिंतीवर लावलाय त्यांनी. साडू येतो तेव्हा त्या फोटोसमोर जरा घुटमळतो म्हणे.

अल्बम करता करता तिने स्वतःच शिकून घेतलं ते गेम बनवायचं. खेळायचं नव्हे, बनवायचं; हा फरक वासुदेवरावांना समजायला दोन वर्षं लागली. तिचा गेम आहे गेरीवर. रंगपंचमीला इंदूरात गेर निघते, म्हणजे रंगाची मिरवणूक. टँकरमधून रंगीत पाणी उडतं, गुलालाचे ढग चार मजले वर जातात, राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. तर इरावतीच्या गेममध्ये गंगूबाई नावाची एक म्हातारी आहे. पांढरं लुगडं नेसलेली, हातात दह्याचं पातेलं. तिला गेरीतून आरपार पलीकडच्या गल्लीत मुलीकडे जायचंय आणि दह्यात रंगाचा एक थेंब पडता कामा नये. एवढाच खेळ. पण जो खेळायला बसतो तो उठत नाही. स्वतः अण्णांनी दोन दिवसांत एकवीस वेळा दही नासवलं आणि प्रत्येक वेळी दोष टँकरवाल्याला दिला.

अडचण गर्दीची होती. गेममध्ये चाळीस माणसं असली तर जुना लॅपटॉप ठीक चालायचा. शंभर झाली की त्याला धाप लागायची. आणि गेर चाळीस माणसांची असते होय? इरावतीला सहाशे हवी होती, प्रत्येकाच्या हातात रंग, प्रत्येकाची चाल वेगळी. सहाशे केली की पडदा काळा. बिचारीने लॅपटॉप स्टीलच्या ताटावर ठेवून बघितला, ताटाखाली ओलं फडकं ठेवून बघितलं. आई, सुनीताबाई, एकदा म्हणाल्या, "त्याला ताप आलाय तर आराम करू दे की गं!"

एरवी चाललं असतं असंच. पण त्या महिन्यात इंदूरजवळ राऊ गावच्या एका कॉलेजात मेळावा ठरला. पुण्याची एक गेम बनवणारी कंपनी इंदूरात ऑफिस उघडून राहिली होती आणि तिला अशीच कामं जमणारा एक माणूस हवा होता: गर्दी, पाणी, धूर, रंग. एकच जागा. अट सरळ होती. आपला गेम आपल्या मशीनवर घेऊन या, आमचा माणूस वीस मिनिटं खेळेल. मध्ये अडकला तर तिथेच थांबायचं, पुढच्याला बोलवायचं. शनिवारची तारीख, आणि हे कळलं सोमवारी. स्टुडिओत दुसऱ्यांच्या साडूंचे डोळे उघडत बसायचं की आपलं काम करायचं, ते त्या वीस मिनिटांवर होतं. लॅपटॉप घ्यायला बाजूला टाकलेली रक्कम एकदाच खर्च होणार होती, चुकला तर दुसरा नाही.

घरात मग ज्याला त्याला मत. सुनीताबाई म्हणाल्या, "हलका घे, पाठ दुखते." वरच्या खोलीतला भाडेकरू प्रणव, चिंचवडहून नोकरीसाठी आलेला, फार शुद्ध बोलणारा, त्याने एक तक्ता करून आणला. "हे बघ, ग्राफिक्स कार्ड अमुक श्रेणीच्या खालचं घेऊच नकोस. मेमरी बत्तीस जीबी. प्रोसेसर अलीकडचा. यात बसतील अशी ही दोनच यंत्रं आहेत आणि दोन्हींत कार्ड तेच, आकडे तेच. मग जे पातळ ते घ्यावं, हे उघडच आहे."

"यंत्रं!" वासुदेवराव हसले. "भिया, तक्ता-वक्ता ठेव बाजूला. परेश जो देईल तो घ्यायचा."

हा त्या घराचा कायदाच होता. जेलरोडला परेशभियाचं दुकान; त्याआधी त्याच्या वडिलांचं. जगदाळ्यांचा पहिला रेडिओ तिथला, टीव्ही तिथला, मिक्सर तिथला. टीव्ही आणला तेव्हा परेशच्या वडिलांनी स्वतः हातगाडीबरोबर चालत येऊन गच्चीवर अँटेना फिरवला होता आणि खालून सगळी गल्ली ओरडत होती, "आला! गेला! आला!" अशा माणसाचा माल तपासायचा नाही. खोकं उघडायचंसुद्धा घरी येऊन, देवासमोर. दुकानात चालवून दाखवा म्हणणं म्हणजे तीन पिढ्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. हा कायदा कोणी घातला? मालोजीअण्णांनीच.

पण अण्णांचं दुसरंही एक रूप होतं, ते इरावतीला ठाऊक होतं. अण्णांची शाळा खेड्यातली, हातोदच्या अलीकडे, एकाच खोलीत चार वर्ग. शाळा सुटली ती थेट विहिरीच्या काठावर. चाळीस वर्षं त्यांनी विहिरीच्या मोटारी बसवल्या आणि दुरुस्त केल्या. शेतकरी नवी मोटार घ्यायला निघाला की अण्णांना बरोबर न्यायचा. विकणारा मोटार सुरू करायचा, पाणी धो धो पडायचं, शेतकरी खूश. अण्णा मात्र बांधावर बसकण मारायचे. "चालू दे," म्हणायचे. "पहिली दहा मिनिटं काय, सगळ्याच फेकतात पाणी." पाऊण तास झाला की उठून मोटारीच्या पाठीवर तळवा ठेवायचे. तळवा टिकला तर हो, नाही तर नाही. लहानपणी इरावती सुटीत त्यांच्याबरोबर जायची आणि तो पाऊण तास अण्णांच्या गोष्टी ऐकायची. मोटार कंटाळायची पण गोष्ट संपायची नाही.

म्हणून त्या मंगळवारी दुकानात तिघं गेली, वडील, मुलगी, अण्णा. परेशभियाने एक पातळ चंदेरी लॅपटॉप पुढे सरकवला, म्हणाला, "तुमच्यासाठी अलग काढून ठेवलाय, बेटा, देखते रह जाओगे," आणि इरावतीने हार्डडिस्क काढली.

"पाऊण तास?" परेशभिया म्हणाला. "बेटा, मी काय आज दुकान खोललं?"

"काका, तुमच्यावर शंका नाहीये. मशीनवर आहे."

"मशीन कोणाची आहे? माझीच ना!"

वासुदेवराव दबक्या आवाजात म्हणाले, "इरा, ठेव ते आत. घरचं दुकान आहे." मग अण्णांकडे वळले. "अण्णा, तुम्ही सांगा तिला."

अण्णांनी आधी परेशकडे बघितलं, मग नातीकडे. घालून दिलेला कायदा त्यांचा आणि बांधावरचा पाऊण तासही त्यांचाच. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, काउंटरपाशी आणलं आणि बसले.

"परेश, चहा सांग," ते म्हणाले. "पाऊण तास लागतो त्याला."

झालं. आता परेशला चहा सांगण्यावाचून काय उरलं?

इरावतीने हार्डडिस्कमधला गेम सुरू केला. सहाशे माणसांची गेर. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसत होता. तो आकडा म्हणजे एका सेकंदात चित्र किती वेळा बदलतं ते. साठ असला तर सगळं लोण्यासारखं चालतं. तिसाच्या खाली गेला की गंगूबाई धक्के खात चालते, बस खड्ड्यातून जावी तशी. चंदेरीवर आकडा साठ. परेशभियाने छाती पुढे काढली. "बघा! आता पॅक करू?"

"चालू दे," अण्णा म्हणाले, आणि हातोदच्या एका पाटलाची गोष्ट काढली, ज्याने मोटारीला नजर लागू नये म्हणून तिला काजळ लावलं होतं. गोष्ट रंगली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून ऐकायला लागली.

अकराव्या मिनिटाला आकडा पंचावन्न झाला. पंधराव्याला त्रेचाळीस. वीस मिनिटं होतायत तोवर गंगूबाई राजवाड्यासमोर लंगडायला लागली, आकडा सव्वीस, आणि दही नासलं.

"एसीची हवा इकडे येत नाही ना," परेशभिया म्हणाला. लॅपटॉप एसीखाली नेला. थंड होऊ दिला, परत सुरू केला. या खेपेला चौदाव्या मिनिटाला लंगडली.

इरावतीने लॅपटॉपच्या आतले आकडे उघडून बघितले आणि तिच्या लक्षात आलं. कार्डाचं नाव तेच, जे प्रणवच्या तक्त्यात होतं. पण पातळ अंगात उष्णता बाहेर टाकायला जागा नाही, म्हणून बनवणाऱ्यानेच त्या कार्डाला वीज कमी द्यायची व्यवस्था केलेली. आणि तापलं की ती आणखी कमी. नाव एक, ताकद वेगळी. तक्त्यात हा रकानाच नव्हता.

"काका, दुसरा जाड असतो ना याच कार्डाचा, तो आहे?"

"अरे तो!" परेशभियाने तोंड वाकडं केलं. "तो कोणी घेत नाही. गोदामात पडलाय. पाटा-वरवंटा आहे नुसता. लाल लाल बत्त्या, चार्जर विटेसारखा. पोरी काय, पैलवान नाही घेत."

"आणा ना."

तो आला. खरंच दिसायला काही नव्हता, मागे दोन मोठ्या जाळ्या, तळाला बोटभर उंची. सुरू केला तर पंखे असे घरघरले की अण्णांचे डोळेच चमकले; किती दिवसांनी ओळखीचा आवाज! दहा मिनिटं, साठ. वीस मिनिटं, साठ. दुसरा चहा आला. पाटलाची गोष्ट संपून त्याच्या जावयाची सुरू झाली. पंचेचाळीस मिनिटं भरली तेव्हा आकडा एकोणसाठ आणि साठ यांच्यात झुलत होता आणि गंगूबाई सहाशे माणसांतून नाकासमोर चालली होती. अण्णा उठले. बटणांच्या वरच्या बाजूला तळवा ठेवला. ठेवून राहिले.

"तापलाय," ते म्हणाले. "पण दमला नाही. हाच घे."

परेशभियाने बिल केलं आणि इरावतीकडे न बघता काउंटरवर सरकवलं. संध्याकाळी वासुदेवराव म्हणाले, "तीस वर्षं त्या दुकानात मान वर करून जात होतो."

इरावतीला ते लागलं. पण शनिवार जवळ होता, ती कामाला बसली. बुधवार छान गेला.

गुरुवारी सकाळी तारांखालच्या फांद्या छाटायच्या म्हणून गल्लीतली वीज बंद झाली. लॅपटॉपला काय त्याचं, बॅटरी होती, चालूच राहिला. फक्त पंख्यांचा आवाज एकदम मऊ झाला आणि गंगूबाई लंगडली. आकडा चोवीस. इरावतीने पुन्हा सुरू केला. चोवीस. सेटिंग बदलून बघितली. सत्तावीस. प्रणव ऑफिसला निघाला होता, जिन्यात थबकला, आत येऊन बघितलं.

"बॅटरीवर हे कार्ड पूर्ण शक्तीने चालतच नाही," तो म्हणाला. "बॅटरीला तेवढी वीज पुरवता येत नाही. असल्या सगळ्याच यंत्रांचं असं असतं. तुम्ही तपासलंत ना दुकानात?"

तपासलं होतं की! पाऊण तास तपासलं होतं. पण वायर लावून. अण्णांच्या उभ्या आयुष्यात एकाही मोटारीला बॅटरी नव्हती. तारेला जोडायची आणि बसायचं, हेच माहीत. आणि इरावतीच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच मेलेली. तो कायम भिंतीला बांधलेला असायचा, गोठ्यातल्या म्हशीसारखा. वायर काढून बघावं, हे दोघांच्या मनातच आलं नाही. प्रणवच्या तक्त्यात त्याचाही रकाना नव्हता, ते तो बोलला नाही.

इरावतीने कॉलेजला फोन लावला. तिकडून एक मुलगी म्हणाली, "मॅम, टेबल सबको मिलेगा, प्लग का बोल नहीं सकते."

फोन ठेवून ती खाटेवर बसली. अण्णांनी काय झालं ते विचारलं, तिने सांगितलं. अण्णांनी लॅपटॉपची वायर हातात घेऊन बघितली. सुनीताबाईही हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

"चूक माझी," अण्णा म्हणाले. "बांधावरची अक्कल दुकानात चालवली."

"अण्णा, चूक दोघांची. पण आता परत द्यायला गेले तर परेशकाका—"

"परत कशाला द्यायचा? मशीन चांगली आहे. वीजच आपण न्यायची तिच्यापाशी." असं म्हणून ते उठले आणि माळ्यावर चढायला लागले. वय एक्याऐंशी. खालून सुनीताबाई ओरडतायत, "अण्णा, उतरा!" आणि वरून धुळीबरोबर एक भलंमोठं वेटोळं खाली येतंय. विहिरीवरच्या दिवसांतली तीस मीटर केबल, जाड, तिपेडी, पडेल तिथे पडून राहणारी.

शुक्रवारी अण्णांनी केबलच्या एका टोकाला प्लगचा नवा बोर्ड बसवला. आणि शुक्रवारीच, कोणाला न सांगता, वासुदेवराव जेलरोडला जाऊन आले. का गेले होते ते परत येऊन सांगितलं नाही. फक्त पिशवीतून चिकटपट्टीचे दोन रुंद रोल काढून टेबलावर ठेवले. "परेशने दिलेत," म्हणाले. "वायर जमिनीला चिकटवायला. लोक अडखळतात." मग पिशवीची घडी घालत, "दुकानात स्टूल तिथंच ठेवलंय त्याने. आज एक गिऱ्हाईक त्यावर बसून लॅपटॉप चालवून बघत होतं. परेश त्याला चहा पाजून राहिला होता."

शनिवारी राऊच्या कॉलेजचा हॉल भरलेला. इरावतीचं टेबल बरोबर मधोमध. स्टेजखालच्या प्लगमध्ये अण्णांनी टेस्टर घातला, प्लग मेलेला. खिडकीखालचा बघितला, तोही. जिवंत निघाला तो बाहेर वऱ्हांड्यात, पाण्याच्या मशीनशेजारी. तिथून टेबलापर्यंत केबल टाकली, दाराशी वळवली, पट्ट्या मारल्या. एक कार्यकर्ता धावत आला. "अंकलजी, ये क्या है?"

"गेर निघतेय," अण्णा म्हणाले. "रस्ता करून राहिलोय."

दाराशी मात्र पट्टी निघायला लागली. येणाराजाणारा प्रत्येक पाय तिथेच. तेव्हा वासुदेवराव, ज्यांची जेलरोडला मान खाली गेली होती, ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि दोन तास हलले नाहीत. "पाय उचलून, भिया. पाय उचलून, मॅडमजी. खाली वायर आहे, मुलीची आहे."

कंपनीकडून निधी नावाच्या बाई आल्या होत्या, चष्म्यावाल्या, कमी बोलणाऱ्या. आधीच्या तिघांपैकी दोघांचे लॅपटॉप मध्येच अडकले होते आणि त्या शांतपणे "थँक यू" म्हणून उठल्या होत्या. इरावतीसमोर बसल्या. गंगूबाई निघाली.

पहिल्यांदा दही सहाव्या मिनिटाला नासलं. निधीबाईंनी परत सुरू केलं. दुसऱ्यांदा अकराव्याला. या वेळी त्यांच्या तोंडून निघालं, "अरे, तो टँकरवाला!" खुर्चीमागे उभ्या अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी इरावतीला कोपर मारलं. पंखे घरघरत होते. इरावतीचे डोळे फक्त कोपऱ्यातल्या आकड्यावर. पंधरावं मिनिट, एकोणसाठ. अठराव्या मिनिटाला राजवाड्यासमोर सहाशे माणसं, तीन टँकर आणि वर गुलालाचा ढग. आकडा अठ्ठावन्नावर आला, थरथरला, आणि परत साठ झाला. एकोणिसाव्या मिनिटाला गंगूबाई पलीकडच्या गल्लीत पोचली, पातेलं पांढरंशुभ्र.

निधीबाईंनी चष्मा काढून पुसला. वही उघडली, दोन ओळी लिहिल्या. मग त्यांची नजर त्या जाड काळ्या लॅपटॉपवरून विटेसारख्या चार्जरवर गेली, तिथून जमिनीवरच्या केबलवर, आणि केबलबरोबर सरकत दारात उभ्या असलेल्या वासुदेवरावांपर्यंत जाऊन परत आली.

"सोमवारपासून ऑफिसला यायचं म्हटलं," त्या म्हणाल्या, "तर हे सगळं घेऊन कसं जमणार तुला?"

इरावती म्हणाली, "सोमवारी येते, मॅडम. फक्त मला भिंतीजवळ बसवा, आणि तिथून प्लग किती लांब आहे ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे अण्णांकडून तेवढीच वायर कापून आणते."